रचनानं जुळवलेला कॉम्प्युटर

वडगाव, बेळगाव
७ सप्टेंबर २०२५

चि. रचना,

पाकिटावरचा पत्ता मी आईकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट फोडलंच नसतंस. आता फोडलंच आहेस तर निदान पहिलं पान वाच.

माझा फोन तू उचलत नाहीस. आईच्या फोनवर माझा आवाज आला की 'बस आली' म्हणून ठेवतेस. बंगळूरला इतक्या बस असतील असं वाटत नाही. गंमत केली, रागावू नकोस.

परवा तू फोन केलास तेव्हा आई भाकऱ्या थापत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता. मी मागच्या सोप्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलो होतो. मुद्दाम ऐकलं नाही, पण ऐकू आलं. तुमच्या कपड्यांच्या कंपनीत डिझाइनचा नवा विभाग निघतोय. तिथल्या बाई तुला ऑर्डरी टाइप करायच्या टेबलावरून उठवून तिकडं घेणार म्हणतात. तू कधी काळी कॉम्प्युटर जुळवला होतास हे त्यांना कळलंय, तेव्हा विभागाचे चार कॉम्प्युटरही तूच सुटे भाग आणून जुळव, असं त्या म्हणाल्या. दसऱ्यापर्यंत उत्तर द्यायचंय.

आणि तू आईला म्हणालीस, 'नको गं. माझ्या हातचं जळतं.'

मग लगेच विचारलंस, आज आमटी कशाची केलीस.

त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. म्हणून लिहितोय. बाईंना हो म्हण. एवढंच सांगायचंय खरं तर.

चार वर्षांपूर्वी कॉम्प्युटर तयार घ्यायचा की जुळवायचा यावर आपण आठ महिने भांडलो. मी म्हणायचो, 'तयारच्याला एक कागद असतोय. बिघडलं की एका माणसाच्या दारात जाऊन वरडता येतंय.' तू म्हणायचीस, 'सुट्याला पण असतोय, आप्पा. प्रत्येक भागाला येगळा.' 'म्हंजे सात दारात वरडायचं?' यावर आई आतून म्हणाली होती, 'तुम्हाला एक दार पुरत न्हाय वरडायला, सात असली तर बरंच की!' तुझ्याबरोबर भागांची यादी करत बसलेला सौरव इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला.

तू मला समजावून सांगायचीस, की तयारच्यात वरून दिसतं ते चांगलं घालतात आणि आतला पॉवर सप्लाय हलका घालतात. सुट्यात आज परवडेल ते घ्यायचं, दोन वर्षांनी तेवढाच भाग बदलायचा. मी ऐकायचो आणि मान हलवायचो नाही. मग तू विचारलंस, 'आप्पा, तुमचा माग कुठल्या शोरूममधनं आलता?'

सांगाडा इचलकरंजीचा, मोटार गोकाकच्या भंगारातली, नक्षी काढायची डॉबी शेजारच्या यल्लाप्पानं टाकून दिलेली, आणि बाकी सगळं माझं. अख्ख्या गल्लीतले माग मीच बसवले. तरी मी तुला म्हणालो, 'म्हणून तर सांगतोय. जुळवणाऱ्याला जन्मभर त्याच्याच मागं राहावं लागतंय.'

तेव्हा मी बोललो ते सगळंच बरोबर नव्हतं. आज इतकंच लिहितो.

मी आणलेला तयार कॉम्प्युटर तुझ्या खोलीत आहे तसाच आहे, वरचं प्लास्टिकसुद्धा. आई त्याच्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवते. वाचनालयवाले मागतायत. तुझी हरकत नसेल तर देईन म्हणतो.

आप्पा


वडगाव
१४ सप्टेंबर २०२५

चि. रचना,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चाललो नव्हतो. पण पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असावं.

बाईंना काही कळवलंस का? आईला विचारायला सांगितलं तर ती म्हणते, 'तुमचं तुम्ही विचारा, माझ्या आडून नको.' चार वर्षं ती मध्ये उभी आहे. थकली असेल.

काल कोगनोळीच्या सीमा नाक्यापर्यंत जाऊन आलो. निपाणीला एका मागाचं काम होतं, तिथून पुढं उगीचच गेलो. नाक्यावर आता कुणी काही विचारत नाही, गाड्या सुसाट जातात. तुझं ग्राफिक्स कार्ड आणायला मी आणि सौरव गेलो होतो ते दिवस आठव. महाराष्ट्रातून येणाऱ्याला कोरोनाचा कागद असल्याशिवाय आत सोडत नव्हते. आपण पलीकडं गेलो असतो तर आपल्यालाही कागद लागला असता. म्हणून कोल्हापूरचा दुकानदार त्याच्या माणसाला खोकं देऊन नाक्यापर्यंत पाठवणार आणि आम्ही अलीकडून घेणार, असं ठरलं. तू आमच्या दोघांच्या कपाळाला अंगारा लावलास, जणू आम्ही मुलगी बघायला चाललोय.

पोलिसानं खोकं उघडायला लावलं. आत तीन पंख्यांचं ते कार्ड. तो कानडीत म्हणाला, एवढ्याशासाठी बेळगावहून आलात? सौरव म्हणाला, 'साहेब, आमच्यातली एक पोरगी सहा महिने एवढ्याशासाठी थांबलीय.' पोलिसानं हसून सोडलं.

येताना संकेश्वरपासून पाऊस लागला. मी मागं बसलो होतो, खोकं मांडीवर. रेनकोट काढून खोक्याला गुंडाळला. वडगावात पोचलो तेव्हा मी निथळत होतो आणि खोकं कोरडं होतं. तू आधी खोक्याला हात लावून बघितलंस, मग मला टॉवेल दिलास. आई तुला रागावली. मला मात्र बरं वाटलं होतं. त्या दिवशी पाण्याचा एक थेंब मी तुझ्या वस्तूला लागू दिला नाही.

तुला जे सांगायचंय ते आता सांगतो. तुझा कॉम्प्युटर जळला तो तुझ्या हातामुळे नाही. त्या आठवड्यात गल्लीत लाईटचा दाब वरखाली होत होता. दोन मागांच्या मोटारीही गेल्या होत्या. मी अलीकडं एका जाणत्या माणसाला विचारलं, तोही म्हणाला की दाबानंच गेला असणार. यात तुझा दोष नाही, सौरवचाही नाही. तेव्हा 'माझ्या हातचं जळतं' हे डोक्यातून काढ आणि बाईंना हो म्हण.

वाचनालयाला द्यायच्या आधी तयार कॉम्प्युटर एकदा चालवून बघावा म्हणून सौरवला बोलावलंय. शहापूरच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान अजून आहे. त्याला आता एक मुलगी आहे, हे आईनं तुला सांगितलंच असेल.

आप्पा


वडगाव
२२ सप्टेंबर २०२५

चि. रचना,

मागच्या पत्रात लाईटच्या दाबाचं लिहिलं ते खोटं आहे. जाणता माणूस वगैरे कुणी नाही. गल्लीतल्या दोन मोटारी गेल्या होत्या त्याही आधीच्या वर्षी.

काल अमावस्या, माग बंद होते. सौरव सकाळीच आला. चप्पल बाहेर काढून तुझ्या खोलीच्या दारात थांबला, आत यायला त्याला वेळ लागला. मग आईनं कपड्याच्या घड्या उचलल्या आणि त्यानं प्लास्टिक फाडलं. कॉम्प्युटर लगेच चालू झाला. तरी त्यानं बाजूचं झाकण काढलं, आत बघू लागला.

'चालू हाय की रं. आता काय बघतोस?' मी विचारलं.

'बघतोय कुणी जुळवलाय. हेबी कुणीतरी जुळवलेलंच हाय, काका. हितं एक स्क्रू वाकडा बसवलाय बघा. रचना असती तर काढून परत लावली असती.'

त्यानं झाकण लावलं, हात पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, 'काका, तवा मला कुंकू दिसलं होतं.'

रचना, हे मी चार वर्षं कुणालाच सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही.

खंडेनवमीला आपल्याकडं काय करतात ते तुला माहीत आहे. आदल्या दिवशी माग पुसायचे, नवमीला मोटारीचं झाकण काढायचं, गिअरवरचा पत्रा काढायचा आणि मग पूजा करायची. माझा बाप सांगायचा, झाकलेल्या यंत्राची पूजा पोचत नाही, देवाला आतलं दाखवावं लागतं. हळदकुंकू पाण्यात कालवून लोखंडाला बोटं ओढायची, आंब्याच्या पानानं पाणी शिंपडायचं. लोखंडाला त्यानं काही होत नाही. चाळीस वर्षं मी हेच करत आलोय.

त्या वर्षी तू आणि आई देवळात गेला होतात. मी सगळ्या मागांची पूजा केली. पाना, हातोडी, धोटा, सगळं मांडलं. मग तुझ्या खोलीत गेलो. आठ महिने मी तुला वाकडं बोललो होतो, पण त्या दिवशी ते उभं असलेलं मशीन बघून माझी छाती भरून आली. माझ्या पोरीनं जुळवलेलं यंत्र. वाटलं, आपल्या घरातलं हत्यार आहे, त्याची पूजा राहायला नको. मीच तुला दिलेला तो बारका स्क्रू ड्रायव्हर टेबलावर होता. त्यानं झाकणाचे स्क्रू काढले. आत इतकं स्वच्छ होतं, वायरी तू धाग्यानं बांधल्यासारख्या बांधल्या होत्यास. पंख्याला बोट लावलं, हिरव्या पाटीला लावलं, त्या कार्डाला लावलं. पाण्याचं पान फिरवलं. नमस्कार केला. झाकण परत लावलं.

संध्याकाळी तू आलीस आणि डिझाइनच्या कॉलेजला पाठवायच्या चित्रांच्या कामाला बसायला निघालीस. मी म्हणालो, 'आज यंत्राला हात लावायचा न्हाय, सुट्टी दे त्याला.' तू म्हणालीस, 'आप्पा, उद्या शेवटची तारीख हाय. माझ्या प्रवेशाला तुमचा देव थांबणार न्हाय.' तू हसत होतीस. मी म्हणायला हवं होतं, थांब गं, मी आत पाणी शिंपडलंय. मला वाटलं, तू रागावशील. आणि मला वाटलं, वाळलं असेल.

पुढचं तुला माहीत आहे. चट आवाज, आणि तो वास.

सौरव धावत आला. त्यानं झाकण काढलं आणि तो माझ्याकडं बघायला लागला. तुला त्यानं सांगितलं, 'रचना, जरा बॅटरी घेऊन ये.' तू बॅटरी आणायला गेलीस तेवढ्यात त्यानं रुमालानं सगळं पुसून घेतलं. मी शेजारी उभा होतो. मी भिंतीकडं बघत होतो. तू परत आल्यावर तो म्हणाला, प्रोसेसर नीट बसला नव्हता, तो मी बसवला होता, चूक माझी. तू त्याला काय काय बोललीस! तो उभा राहून ऐकत होता. आणि तो गेल्यावर तू खाली बसून रडायला लागलीस तेव्हा मी काय म्हणालो, आठवतं?

'तुमच्या हातचं ते. जळायचंच. मी तयार आणा म्हणत होतो.'

ते वाक्य माझं आहे, रचना. तू आईला फोनवर बोललीस ते तुझं नव्हे. मी चार वर्षांपूर्वी तुझ्या तोंडात घातलेलं ते. परवा माझंच मला ऐकू आलं.

काल मी सौरवला विचारलं, 'तुला दिसलं हुतं तर बोलला का न्हाईस?'

तो म्हणाला, 'तुम्ही बोलशिला म्हणून थांबलो, काका. त्या रात्री न्हाय तर सकाळी बोलशिला. मग म्हटलं चार दिवसांनी तरी. मग रचनाच बंगळूरला गेली.'

मग त्यानं आणखी एक सांगितलं, जे मलाही माहीत नव्हतं. तुझं काम होतं त्या डिस्कला काही झालं नव्हतं. दसऱ्याच्या दिवशी सगळी बाजारपेठ बंद असताना त्यानं दुकान उघडलं, स्वतःचा मोठा कॉम्प्युटर तुझ्यासाठी मोकळा करून ठेवला आणि तुला निरोप पाठवला, की डिस्क घेऊन ये, उरलेलं काम इथं होईल. तू निरोप वाचून त्याचा नंबर बंद केलास. करणारच. ज्यानं आपलं मशीन जाळलं त्याच्या दुकानात कोण जाईल?

मी त्या सकाळी एक वाक्य बोललो असतो, तर तू डिस्क घेऊन पळत गेली असतीस. वडगाव ते शहापूर, स्कूटरवर दहा मिनिटं.

त्याऐवजी तुझा प्रवेश हुकला, आणि मी आठ दिवसांनी तयार कॉम्प्युटर आणून तुझ्या खोलीत ठेवला. तुला वाटलं, बाप टोमणा मारतोय. टोमणा नव्हता. तो दंड होता, पण कशाचा ते मी सांगितलं नाही. मग तुला कसं कळावं?

काल रात्री आईला सगळं सांगितलं. आज सकाळी तिनं घट बसवला, आणि चहा दिला तो माझ्याकडं न बघता. दुपारी एवढंच म्हणाली, 'चार वर्षं मी पोरीला सांगतेय, बाप तुझा वाईट न्हाय, बोलायला जरा कडू हाय. आता काय सांगू?'

मला माफ कर असं लिहायचं होतं, पण ते लिहून मीच मोकळा होईन. तुला त्याचा उपयोग नाही. तुला उपयोगाचं एवढंच आहे. तू जुळवलेलं मशीन एकवीस दिवस उत्तम चाललं. बाविसाव्या दिवशी तुझ्या बापानं त्यात पाणी घातलं. या दोन्हींपैकी तुझ्या हातांशी संबंध फक्त पहिल्याचा.

दसऱ्याला दहा दिवस आहेत.

आप्पा


वडगाव
३ ऑक्टोबर २०२५

चि. रचना,

परवा खंडेनवमीला सकाळी तुझा फोन आला. आईनं स्पीकर लावला नाही, आत जाऊन बोलली. मी मागांजवळ उभा होतो. यंदा मोटारींची झाकणं काढली, कोरडं कुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं नाही. यल्लाप्पा म्हणाला, 'काय भरमूदा, देवाला तहान लागंल की रं.' मी म्हणालो, लागू दे.

आई बाहेर आली आणि म्हणाली, 'तिनं दोनच गोष्टी विचारल्या.' तू रडत होतीस का, असं मी विचारलं. तिनं सांगितलं नाही.

पहिलं, तुला तो बारका स्क्रू ड्रायव्हर हवाय. या पत्रासोबत पाठवतोय. तुझ्या जुन्या मशीनशेजारी माळ्यावर होता, टोक जरा गंजलं होतं ते घासून काढलंय. टोकाचा लोहचुंबक अजून धरतो, सुई उचलून बघितली. आपल्या मागावरच्या निळ्या कापडात गुंडाळलाय. बाईंना काय कळवलंस ते तू आईला सांगितलं नाहीस, मीही विचारत नाही. ज्याला काही जुळवायचंच नाही तो स्क्रू ड्रायव्हर मागत नाही, इतकं माग जुळवणाऱ्या जॉबरला कळतं.

तू माझ्याशी बोलायला हवंस असं नाही. घरी यायला हवंस असंही नाही. आईला बोलावून घे, दिवाळीला ती येईल.

तुझा दुसरा प्रश्न सौरवबद्दल होता. त्या दसऱ्याला त्यानं दुकान किती वाजेपर्यंत उघडं ठेवलं होतं, असं तू विचारलंस. आईला ते माहीत नव्हतं. काल सोनं द्यायला म्हणून मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या मुलीनं माझ्या हातात आपट्याची पानं दिली. मी विचारलं तेव्हा त्यानं आधी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, 'सांगा की. विचारलंय तर सांगा.'

सकाळी आठ वाजता त्यानं शटर अर्ध्यावर घेतलं, लोकांना दुकान उघडं वाटू नये म्हणून. दारात तोरण लावलं नाही, कारण तू घाईत शटरखालून वाकून येताना फुलं केसात अडकतील. दुपारी त्याची आई डबा घेऊन आली, तो त्यानं तसाच ठेवला. संध्याकाळी सगळे सोनं लुटायला बाहेर पडले, त्याच्या दुकानावरून गेले. त्याचा कॉम्प्युटर चालूच होता.

रात्री बाराला तुझी मुदत संपली. त्यानं बारा वाजून दहा मिनिटांनी दुकान बंद केलं.

आप्पा